परक्याचं नाव लावणारी भाषा

इंदूला कुणी इंदू म्हणून हाक मारू शकतं, हे तिला सतराव्या वर्षी कळलं. घरी ती ताई होती. तीन धाकट्या भावंडांची ताई, म्हणून आईचीही ताई, वडिलांचीही ताई. रेल्वे क्वार्टरच्या रांगेत शेवटच्या खोलीत पॉइंट्समनची सत्तरीची आई राहायची, तीसुद्धा "ए ताई, जरा सुईत दोरा ओवून दे" म्हणून बोलवायची. शाळेत हजेरी आडनावाने. "जोशी?" "हजर." बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेलं नाव दाखल्यावर तेवढं उतरलं होतं. तोंडात कुणाच्याच नव्हतं.

मग ती श्रीरामपूरच्या कॉलेजात गेली. भाषेच्या विषयासाठी अर्धमागधीच्या टेबलासमोर ही भलीमोठी रांग, कारण अर्धमागधीत मार्क भरपूर पडतात असा सगळ्या जिल्ह्याचा विश्वास. शेजारच्या टेबलामागे पांढऱ्या टोपीतले, जाड भिंगांचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. पुढ्यातले कोरे फॉर्म वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला होता. इंदूला त्या डब्याची दया आली म्हणा, की रांगेचा कंटाळा आला म्हणा, ती त्या टेबलापाशी गेली. अशी ती फ्रेंचला लागली.

त्या वर्षी वर्गात चौघंच. पहिल्या दिवशी त्याच जाड भिंगांच्या मार्तंड सरांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"जोशी, सर."

"ते वडिलांचं झालं. तुझं?"

"इंदू."

"असं चोरून नको सांगूस. अख्खं वाक्य म्हण." आणि त्यांनी वाक्य दिलं, "ज मापेल इंदू." माझं नाव इंदू. तिच्याकडून ते सात वेळा म्हणवून घेतलं. सातव्या वेळी तिचा आवाज एवढा चढला की शिपाई दारातून डोकावून गेला. त्या दिवसापासून सर तिला इंदू म्हणत, वर्गातले इंदू म्हणत, आणि कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना आपल्याला नाव आहे, या कल्पनेनेच तिची चाल थोडी बदलायची.

मार्तंड सर मूळचे नेवाशाकडचे. घरची भिक्षुकी. लहान वयात कुणाच्या तरी ओळखीने पाँडिचेरीला गेले आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. अकरा वर्षं. "मी फ्रेंच आधी उलटी वाचायला शिकलो," ते सांगत. "शिशाची अक्षरं उलटी असतात ना. सुलटी वाचता यायला आणखी दोन वर्षं गेली." मालकाच्या म्हाताऱ्या आईने त्यांना बोलायला शिकवलं, रोज दुपारी, माशांची आमटी ढवळता ढवळता. सर आमटी खात नसत, पण शब्द सगळे खाल्ले असं म्हणत आणि स्वतःच हसत.

त्या भाषेवर त्यांचं प्रेम असं की ऐकणाऱ्यालाही जडावं. फ्रेंच शब्दांच्या शेवटी कित्येक अक्षरं लिहायची असतात आणि उच्चारायची नसतात. भीमा म्हणून कारेगावच्या बागायतदाराचा मुलगा वर्गात होता, तो यावरून चिडला. "सर, बोलायचंच न्हाई तर लिव्हायचं कशाला? शाई फुकट."

"अरे, घरातलं म्हातारं माणूस जातं," सर म्हणाले, "तरी वर्षातून एकदा त्याचं पान वाढतोच ना आपण? तिथं कुणी येऊन जेवत नाही. पण पान मांडलं की घराला आठवण राहते. ही अक्षरं तशी आहेत. एके काळी ती बोलत होती."

इंदूने त्या दिवसापासून ती मुकी अक्षरं फार जपून, वळणदार काढायला सुरुवात केली.

पण तिच्या मनात कायमचा रुतून बसला तो नावाचा तास. सर खडू हातात घेऊन म्हणाले, "आज गंमत सांगतो. या भाषेचं फ्रेंच हे नाव तिचं स्वतःचं नाही. परक्याचं आहे."

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी त्या देशाला गॉल म्हणत. तिथे रोमन आले, त्यांच्याबरोबर लॅटिन आली. पंडितांची नव्हे, शिपायांची, बाजारातली, बैल हाकणाऱ्यांची लॅटिन. लोकांनी ती उचलली, मोडली, आपल्या जिभेला बसेल अशी केली. पुढे रोमनांचं राज्य खिळखिळं झालं आणि ऱ्हाइन नदीपलीकडून फ्रँक नावाचे लढवय्ये आले. त्यांची भाषा वेगळी, जर्मनच्या घराण्यातली. त्यांनी मुलूख जिंकला. मुलखाला त्यांचं नाव पडलं, आणि शेकडो वर्षांनी मुलखावरून भाषेला.

"म्हंजे ती फ्रँकांची भाषा," भीमा म्हणाला.

"तिथंच तर गंमत आहे. फ्रँकांची भाषा त्या मुलखातून गेली! त्यांच्या पुढच्या पिढ्या रयतेचीच बोली बोलायला लागल्या. लढाई, कुऱ्हाड, निळा रंग, बाग, असे काही शे शब्द त्यांचे मागे राहिले, आणि राहिलं नाव. बाकी सगळी भाषा हरलेल्यांची."

"राज्य त्यांचं आन् भाषा कशी काय इसरले?"

सरांनी खडू खाली ठेवला. "राजाच्या घरात पाळणा हलवायला कोण असतं? गावातली दाई. राजाचा पोरगा रडला की दाई ज्या भाषेत त्याला गप्प करते, ती भाषा जिंकते. तलवार कुणाच्या का हातात असेना."

मग त्यांनी हेही सांगितलं की अरबांनी पश्चिमेकडच्या सगळ्याच गोऱ्यांना फ्रँक म्हणायला सुरुवात केली, त्याचं फिरंग झालं, आणि तेच फिरंगी होऊन आपल्यापर्यंत पोचलं.

"आमची आजी दूध पावडरीला फिरंगी दूध म्हन्ती," भीमा म्हणाला. "म्हंजे आजीला निम्मं फ्रेंच येतंय की!"

सगळे हसले. इंदू हसली नाही. तिला ती भाषा डोळ्यांसमोर दिसत होती, अंगावर परक्याचं नाव वागवत, खाली मान घालून, आणि तरी आपला एक शब्दही न सोडता शेकडो वर्षं चाललेली. केवढी चिवट, केवढी शहाणी!

त्र्याहत्तरच्या माघात तिचं लग्न ठरलं. मुलगा सिद्धेश्वर, नगरला वीज मंडळात नोकरीला. वडील आप्पासाहेब कोर्टातून निवृत्त झालेले, मितभाषी. घरात चालायचं ते उमाबाईंचं, त्याच्या आईचं. उंचनिंच बाई, रुपयाएवढं कुंकू, आवाज पितळेच्या घंटेसारखा. साखरपुड्याला आल्या तेव्हा त्यांनी पोहे चाखले, मीठ बरोबर आहे असं सांगितलं आणि इंदूच्या वडिलांकडे वळल्या.

"आमच्या सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. रेणुका नाव त्यांचं. आमच्या घरात देवीचं नाव रिकामं ठेवायची पद्धत नाही. तेव्हा सूनबाईचं नाव रेणुका राहील."

"राहू दे की," इंदूचे वडील नृसिंहराव, घरातले दादा, लगेच म्हणाले. "तुमची सून, तुम्ही ठेवाल ते नाव."

इंदू ताट घेऊन उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मला इंदू नाव आवडतं."

आईने पदराआडून डोळे वटारले. उमाबाई मात्र रागावल्या नाहीत, नवल वाटल्यासारख्या बघत राहिल्या. "आवडतं? अगं, नाव काय बटाट्याची भाजी आहे आवडायला? मिळेल ते लावायचं."

सिद्धेश्वरला दोन मिनिटं तिच्याशी ओसरीवर बोलायला मिळालं. "तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं. तो भला होता, खरं बोलला. "इंदू छान आहे. पण घरातलं आई ठरवते. तिच्यापुढं मी फक्त फ्यूज बदलतो."

दुसऱ्या दिवशी इंदू सरांच्या खोलीवर गेली. सर स्टोव्हला पिन मारत होते.

"सर, तुम्ही एकदा आमच्या दादांशी बोला. त्यांना समजावून सांगा. तुमचं ऐकतील."

"काय समजावू?"

"माझं नाव बदलताहेत." आणि ती रडायला लागली. तिला वाटलं होतं सर ताडकन उठतील, टोपी घालतील. सरांनी पिन काढली, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं.

"त्या भाषेनं घेतलंच की परक्याचं नाव," ती नाक पुसत म्हणाली. "मीही घ्यावं असं म्हणाल तुम्ही. तिचं काही बिघडलं नाही."

"तसं नाही म्हणणार. भाषेला कुणी विचारलं नव्हतं. तुलाही विचारलेलं नाही, ते चुकलंच." त्यांनी आधणात साखर टाकली. "तुला एक सांगायचं राहिलंय. या भाषेचा सगळ्यात जुना लिहिलेला मजकूर कोणता, माहीत आहे? एक शपथ. दोन राजे, सावत्र भाऊ, थोरल्या भावाविरुद्ध एक झाले. आठशे बेचाळीस साली. दोघांच्या फौजा समोरासमोर, एका फौजेची भाषा जर्मन, दुसरीची ही आपली. जर्मन बोलणाऱ्या भावानं शपथ कोणत्या भाषेत घेतली असेल?"

"जर्मन."

"नाही. आपल्या. समोरच्या भावाच्या शिपायांना कळावं म्हणून. आणि दुसऱ्यानं जर्मनमध्ये घेतली. म्हणजे बघ, ही भाषा पहिल्यांदा कागदावर आली ती पलीकडच्या माणसाच्या तोंडून. घरचे लोक तर ती रोज बोलतच होते, कुणी लिहून घेतलं नाही. पलीकडचा बोलला, तेव्हा तिला वजन आलं."

"मग मी काय करू?"

"तुझ्या दादांना मी सांगून उपयोग नाही, बाळ. दादा अलीकडचे. मीही अलीकडचा. तुझं नाव पलीकडच्या कुणीतरी घेतलं पाहिजे. तसं माणूस आहे का कुणी तिथं, ते तू बघ."

इंदूला तेव्हा हे काही पटलं नाही. चहा पिऊन ती तशीच घरी आली. सासरी तिचं म्हणावं असं पलीकडचं एकच माणूस होतं, आणि ते फक्त फ्यूज बदलत होतं.

वैशाखातली तिथी निघाली. दुष्काळाचं साल, लग्नात जेवणावळी नव्हत्या. लाडू, चिवडा आणि कोकम सरबत एवढंच ठरलं. पत्रिका नृसिंहरावांनी स्वतः लिहिली. ते बावीस वर्षं स्टेशनवर बुकिंग क्लार्क. आता आमच्या स्टेशनची गोष्ट बाहेरच्याला सांगावी लागते. गाव श्रीरामपूर, स्टेशन गावातच, पण स्टेशनचं नाव बेलापूर. बेलापूर नावाचं खरं गाव तिथून चार मैलांवर, प्रवरेकाठी. श्रीरामपूर वसायच्या आधी रेल्वे आली, तेव्हा तिला जवळचं नाव मिळालं ते लावलं आणि पुढे तेच राहिलं. बावीस वर्षं तिकिटावर, पावतीवर, रजेच्या अर्जावर बेलापूर लिहिणाऱ्या नृसिंहरावांच्या लेखणीतून दुसरं नाव निघेना. पत्रिकेत छापून आलं, "विवाहस्थळ : धर्मशाळा, बेलापूर." स्टेशन हा शब्दसुद्धा त्यांना लिहावासा वाटला नाही. रेल्वेच्या माणसाला बेलापूर म्हणजे स्टेशनच.

नगरचं वऱ्हाड एकत्र एस.टी. ठरवून आलं, त्यांना रस्ता माहीत होता. फक्त उमाबाईंचे थोरले बंधू, तिसगावचे मामा, हातात पत्रिका घेऊन एकटे निघाले होते. नवऱ्याचा मामा. अंतरपाट धरायची वेळ झाली तरी त्यांचा पत्ता नाही. उमाबाई मांडवाच्या तोंडाशी चार वेळा जाऊन आल्या. "दादा असा नाही हो चुकायचा," त्या ज्याला त्याला सांगत होत्या. शेवटी मुहूर्त गाठायचा म्हणून एका चुलतमामाला उभं केलं आणि लग्न लागलं. उमाबाईंनी अक्षता टाकल्या, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. इंदूने पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर घंटेचा आवाज नसलेलं काहीतरी पाहिलं.

दुपारी लक्ष्मीपूजन. पाटावर ताट, ताटात तांदूळ पसरलेले. गुरुजींनी सिद्धेश्वरच्या हातात सोन्याची अंगठी दिली. "हं, लिहा. काय नाव ठरलंय?"

"रेणुका," आप्पासाहेब म्हणाले.

सिद्धेश्वरने एकदा इंदूकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग अंगठी तांदळात टेकवली आणि सावकाश 'रे' काढला. इंदू त्या अक्षराकडे बघत राहिली. वरची मात्रा ओढताना दोन दाणे ताटाबाहेर पडले. रडायचं नाही, असं ती स्वतःला बजावत होती.

एवढ्यात मांडवाच्या दारातून आरोळी आली.

"बने! ए बने! अगं कुठं लपवून ठेवलंस लग्न!"

सगळा मांडव वळला. धोतराला गुडघ्यापर्यंत धूळ, उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, हातात पत्रिकेची गुंडाळी, असे सत्तरीचे मामा उभे होते. कुणाला कळेना बनी कोण. आणि उमाबाई, एवढ्या भारदस्त उमाबाई, पाटावरून अशा उठल्या की पदर समईला लागता लागता राहिला.

"दादा! अरे होतास कुठं?"

"बेलापुरात! पत्रिकेवर काय छापलंय बघ. उतरलो बेलापुरात, विचारलं लग्न कुठंय, लोकांनी नेऊन बसवलं. तिथंही लग्नच. मला म्हातारा बघून पुढं बसवलं, सरबत दिलं, दोन लाडू दिले. अक्षता टाकल्या मी! अंतरपाट दूर झाला तर नवरा काळा ठिक्कर, आणि मिशीवाला. म्हटलं, आपला सिद्धू एका वर्षात एवढा कसा बदलला?"

मांडवात हास्याचा असा गदारोळ उठला की गुरुजींनीही पोथी मिटली. नृसिंहराव तेवढे पत्रिकेकडे बघत कपाळावर हात मारून घेत होते. "मग पायी आलो," मामा म्हणाले. "चार मैल. बने, पाणी दे."

उमाबाईंनी स्वतः तांब्या आणून दिला. मामा गटगट प्याले. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. चेहरा एकदम दहा-बारा वर्षांच्या पोरीचा झाला होता.

त्या परत पाटावर येऊन बसल्या तेव्हा इंदूने हळूच विचारलं, "आई, बनी म्हणजे तुम्ही?"

"हो गं." त्यांनी नाक पुसलं. "बनू माझं माहेरचं. पस्तीस वर्षं झाली. आता दादा एकटाच म्हणतो, तेही भाऊबीजेला. बाकी सगळे गेले म्हणणारे."

"तुम्हाला आवडायचं?"

उमाबाई तिच्याकडे वळल्या. पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नसावा. समोर गुरुजी घाई करत होते, "चला, पुढचं अक्षर. णु."

सिद्धेश्वरने अंगठी उचलली. उमाबाईंनी एकदम हात पुढे केला आणि तळव्याने ताटातले तांदूळ सपाट करून टाकले. 'रे' नाहीसा झाला.

"थांब रे."

"अगं, काय करतेस?" आप्पासाहेब म्हणाले. "नाव ठरलंय. देवीचं नाव आहे."

"देवीला मी सांगेन. माझं ऐकते ती." त्यांनी इंदूकडे पाहिलं नाही, तांदळाकडेच पाहत म्हणाल्या, "सिद्धू, इंदू लिही."

"पण आई, तूच तर..."

"लिही म्हटलं ना. आणि नीट लिही, कोंबडीचे पाय नकोत."

मागे कोपऱ्यात बसलेले मार्तंड सर लाडू हातात तसाच धरून पुढे झुकले होते. सिद्धेश्वरला 'इ' तांदळात जमेना. वळण घ्यायला गेला की दाणे घसरत. तिसऱ्या वेळी जमलं. गुरुजींनी वाचून दाखवलं, खणखणीत, "इंदू!" आणि साखर वाटली.

वऱ्हाड संध्याकाळी नगरला परतलं. मामांनी एस.टी.त बसायच्या आधी कंडक्टरला तीन वेळा विचारून घेतलं की ही गाडी नगरलाच जाते ना, आणि नगर नावाचं आणखी कुठलं गाव तर नाही ना.

नगरला त्या उन्हाळ्यात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही पहाटे, गल्लीच्या तोंडाशी. चौथ्या की पाचव्या दिवसाची गोष्ट. इंदू हंडा-कळशी लावून रांगेत उभी होती. नवी नवरी, हिरवा चुडा, कुणाशी ओळख नाही. पुढच्या बायका वळून वळून बघत होत्या. "आप्पासाहेबांची सून ना तू? नाव काय गं?" एकीने विचारलं. ती सांगणार तोच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, घराच्या पायरीवरून पितळेची घंटा वाजली.

"इंदू! अगं इंदू! पाणी जातंय बघ, आधी कळशी लाव!"

सगळ्या गल्लीने ते नाव ऐकलं. दोन खिडक्या उघडल्या. इंदूने कळशी पुढे सरकवली आणि तिच्याही नकळत, सरांनी शिकवलं होतं तशा चढ्या आवाजात, ओ दिली.